तीन ग्लास, एकच पिंप

दत्त्या, बाटल्या काल भरून झाल्या. चौदा नंबरचं पिंप, पाण्याचा थेंब न घालता, जसंच्या तसं. लेबलवर मालकांनी तुझं नाव छापलंय : ‘निवड – दत्तात्रय, कुंडल’. खाली ‘स्मरणार्थ’ असंही टाकणार होते, मीच नको म्हटलं. दारूच्या बाटलीवर स्मरणार्थ लिहिलं की पिणाऱ्याला वाटतं, हा यानंच मेला. हे ऐकून तू खो खो हसला असतास आणि नंतर हाच विनोद स्वतःचा म्हणून चार ठिकाणी सांगितला असतास. त्या बाबतीत तू पक्का चोर होतास.

तुला जाऊन बावीस दिवस झाले. लोक लिहितात तसं तुझ्याबद्दल चार ओळी लिहायला बसलो, मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी, तर पेन पुढं सरकेना. तू मनमिळाऊ नव्हतास. तुझ्या जिभेला हाड नव्हतं. समोरच्याला चार लोकांत सोलून काढल्याशिवाय तुला जेवण पचत नसे. मीही काही कमी नाही. म्हणून तर वीस वर्षं जमलं आपलं.

पहिली भेट आठव. मी दुष्काळी माणमधून आलेला, बी.एस्सी. केमिस्ट्री, पलूसजवळच्या माळावरच्या या भट्टीवर नवीनच लागलेला केमिस्ट. आपण भट्टी म्हणतो, मालक डिस्टिलरी म्हणतात. मालकांच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. अमेरिकेत मक्याच्या जोडीला गहू आंबवून, गाळून, आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवून जी मऊ व्हिस्की करतात, तशी आपल्याकडं करायची. गहू घ्यायचा तो खपली, कारण तो आपल्या कृष्णाकाठचा. आणि ती खपली कांडून, भरडून देणारा तू. सैन्यातून पेन्शन घेऊन आलेला, कुंडलला गिरणी टाकून बसलेला.

माझं पहिलं कोरं मद्य, अजून पिंपातही न गेलेलं, मालकांनी कौतुकानं तुझ्यापुढं धरलं. तू ते ओठाला लावलं नाहीस. दोन थेंब तळव्यावर घेतलेस, हात चोळलेस, ओंजळ नाकाशी नेलीस आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणालास, “मालक, ह्यात सायबाच्या बुटाचा वास हाय.”

पुढं दोन वर्षं भट्टीवर माझं नाव ‘बूट’ होतं. वॉचमनसुद्धा गेट उघडताना गालात हसायचा. आता तू नाहीस, तर एक सांगून टाकतो. तुझं बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी मला सापडलं, नळ्यांच्या एका सांध्यात बसवलेलं रबर वाफेनं शिजत होतं. मी गुपचूप बदललं आणि कुणाला बोललो नाही. तुलाही नाही. वीस वर्षं मी तुला म्हणत राहिलो की, तू तेव्हा अंदाजानं दगड मारलास.

मग ते दरवर्षीचं पिंप सुरू झालं. भट्टीतली बाकी पिंपं एकमेकांत मिसळतात, पाणी घालतात, दर बाटलीची चव सारखी यावी म्हणून. आपलं एक पिंप तेवढं मिसळायचं नाही. आपण आठ दोस्त मिळून ते घ्यायचो. मुरलेल्यातली तीन पिंपं मी बाजूला काढायची, दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी गोदामात सगळ्यांनी जमायचं आणि त्यातलं एक तू निवडायचं. ते तसंच्या तसं बाटलीत. साठ टक्क्यांच्या वरची दारू, घशातून उतरताना नाव-गाव विचारते. बाकीचे म्हणायचे, जरा पाणी घालू. मी घालू देत नसे. त्यावर तू सगळ्यांना सांगायचास, “माणदेशी गडी हाय त्यो. जल्मात पाणी बघितलं न्हाई, दारूत कुठनं घालंल?”

आपलं भांडण एकच होतं आणि ते संपलं नाही. तू म्हणायचास, या दारूचा मऊपणा खपलीचा. मी म्हणायचो, लाकडाचा. मी तुला कागद दाखवायचो, मशीनवरचे आलेख दाखवायचो. तू कागद उलटा धरून हुंगायचास आणि म्हणायचास, “शाईचा वास हाय सायब. फुडं बोला.” आणि मालक हसायचे. हसायचे तर हसायचे, पण तुझं ऐकायचे. बी.एस्सी. मी झालो होतो, रात्रंदिवस आंबवणाच्या हौदावर मी बसत होतो, आणि निवड कुणाची, तर गिरणीवाल्याची. दत्त्या, मला त्याचा राग होता. थोडाथोडका नव्हे, लय होता.

आणि त्याच गिरणीवाल्यानं माझी नोकरीही वाचवली, हे कुठं ठेवू? पहिली चार वर्षं काही विकलं जाईना, मालक गव्हाची व्हिस्की बंद करून साधी रम काढायच्या बेतात होते. तू त्यांच्या टेबलासमोर उभा राहून सांगितलंस, “मालक, दोन उन्हाळं जाऊ द्या. मग न्हाई जमलं तर सायबाला बी काढा आन् मला बी.” तू तर त्यांच्या नोकरीतही नव्हतास! तुला कोण काढणार होतं? पण मालक थांबले. दोन उन्हाळ्यांनंतर पुण्या-मुंबईहून माणसं विचारत आली. मी तेव्हा तुला धन्यवाद म्हटलं नाही. म्हणालो, “तुझ्या गव्हाचा खप टिकवलास, दुसरं काय.” तू म्हणालास, “व्हय की.” तेवढ्यावर विषय संपला.

आता यंदाच्या त्या रविवाराबद्दल. इतके दिवस मी त्याच्याभोवती फिरतोय.

त्याच्या महिनाभर आधी आपण पाचगणीला एका हॉटेलवाल्याकडं बाटली घेऊन गेलो होतो. त्यानं मला विचारलं, ही व्हिस्की कुणी घडवली? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, “ह्यो निसती मापं घेतो. नाक माझं हाय.” हॉटेलवाल्यानं त्यापुढं माझ्याकडं पाहिलंही नाही. घाट उतरताना तू खिडकीतून बाहेर बघत शीळ घालत होतास. मी तेव्हाच ठरवलं.

रविवारी मी तीन पिंपांसमोर तीन ग्लास मांडले. तिन्हींत चौदा नंबरच्याच पिंपातली दारू होती, सकाळीच काढून ठेवलेली. सगळे आले. आपला इस्माईलही आला. पलूसला टायरचं दुकान, पीत नाही, पण आपल्याला घरोघर सोडायला दरवर्षी न चुकता गाडी घेऊन येतो. तू पहिल्या ग्लासातले थेंब तळव्यावर घेतलेस. चोळलेस. डोळे मिटलेस. काय तो थाट!

“गरम खपलीची खीर,” तू म्हणालास. “गूळ जरा हात सोडून पडलाय.”

माना डोलल्या.

दुसरा. “मिल्ट्रीतली ट्रंक. आत लोकरीची जर्सी हाय. आन् लांबनं सुपारी.”

“अगदी, अगदी,” कुणीतरी म्हणालं.

तिसरा. तू नाक मुरडलंस. “ह्ये लाकडानं खाल्लं. ह्ये नको.” त्यावर आपल्यातल्या दोघांनी चाखूनही सांगितलं, की हो, याला लाकूड फार. मला आतल्या आत हसू फुटत होतं. तू दुसरा निवडलास आणि मी सांगितलं.

पहिल्यांदा कोण हसलं माहीत आहे? तेच दोघे, ज्यांना लाकूड लागलं होतं. मग सगळे. मालक डोळे पुसत होते. इस्माईल मात्र हसला नाही, तो तुझ्याकडं बघत होता. तू एक क्षण थांबलास आणि म्हणालास, “मग दुसरा निवडला त्ये बरूबरच की.” त्यावर आणखी हसले. ते हसणं तुझ्या बाजूचं होतं, तू जवळजवळ सुटला होतास. पण मी सोडलं नाही. मी म्हणालो, “वीस वर्षं हा माणूस आपल्याला खिरीच्या आणि ट्रंकेच्या गोष्टी सांगतोय. नाक नाही, निसतं तोंड आहे.”

तू नळावर जाऊन हात धुतलेस. फार वेळ धुतलेस. मग गाडीची वाट न बघता चालत निघालास. आणि मी पाठमोऱ्या तुला ओरडून म्हणालो, “जाताना बुटाचा वास येतोय का बघ रं!”

हे मी केलं. दारू चढली होती, असंही नाही. मी तोवर एक घोटही घेतला नव्हता.

चौथ्या दिवशी इस्माईल माझ्या घरी आला. चहा नको म्हणाला, बसलाही नाही.

“एक सांगतो. मागल्या साली माझ्या दुकानात मागल्या बाजूला टायर पेटला हुता. वासानं गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल लावून पळाली. दत्त्या फुडं बसून चा पीत हुता. धूर दिसला तवा उठला.” मग म्हणाला, “त्यो दोन वरसांमागं तापानं पडला हुता बग, बारा दिस. तवापासनं हाय ह्ये. लाजतो सांगाया. जा, जाऊन ये त्याच्याकडं.”

मी केमिस्ट आहे, दत्त्या. मला अर्ध्या वाक्यात समजलं. तापात माणसाचं नाक जातं, कुणाचं परत येतं, कुणाचं येत नाही. मी आठ साक्षीदारांसमोर पक्का प्रयोग केला होता, तुला वास येत नाही हे सिद्ध केलं होतं, आणि निष्कर्ष काढला तो असा, की तू जन्मापासून लबाड आहेस. निष्कर्ष चुकला होता, हे चौथ्या दिवशी मला कळलं. उठून कुंडलला जायला वीस मिनिटं लागतात.

मी म्हणालो, “येईल की तोच.”

खरं सांगू? मला आनंद झाला होता. तुझं नाक गेलं याचा. आता आपण दोघं सारखे झालो, असं वाटलं. तू येशील, मान खाली घालून सांगशील, मग मी मोठ्या मनानं म्हणेन, असू दे रं, यापुढं मी निवडतो, तू नुसता उभा राहा. ते वाक्य मी दोन-तीनदा मनात घोळवलं. पाच दिवस मी तुझी वाट बघितली, आणि ते पाच दिवस मजेत काढले.

नवव्या दिवशी सकाळी तू गिरणीच्या मागल्या खोलीत चहा करायला गेलास. शेगडीची नळी उंदरानं कुरतडली होती. गिरणी म्हटल्यावर उंदीर आलेच. खोली रात्रभर भरत राहिली असणार. गॅसला स्वतःचा असा वास नसतो, दत्त्या. गळला तर माणसाला कळावा म्हणून त्यात गंधकाचा एक घाणेरडा पदार्थ मुद्दाम घालतात. दारात पाऊल टाकताच लहान पोरालाही कळतं, त्यानं मागं सरावं म्हणून. तू आत गेलास आणि काडी ओढलीस.

सांगलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंतही तू राहिला नाहीस.

यापुढचं तुला ठाऊक नाही. दहाव्यालाच गावात कुजबुज सुरू झाली. ज्याला तळहातावरच्या दोन थेंबांत खीर आणि ट्रंक सापडते, त्याला खोलीभर गॅसचा वास आला नाही? आला होता, लोक म्हणाले. आठ माणसांत हसं झालं, जीवाला लागलं, मुद्दाम काडी ओढली. भट्टीवरची थट्टा त्या आठांतल्याच कुणीतरी गावात नेली होती. तुझ्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या कानावर ते गेलं. त्यांनी दाराबाहेर येणं सोडलं. आलेल्या बायकांना एकच विचारायच्या, “मी उजेडाच्या आदी उठून चुलीपाशी गेलते. मला हाक न मारता ह्ये असं कसं गेलं?”

तेव्हा माझ्यापुढं दोन वाटा होत्या. गप्प बसायचं, म्हणजे तुझं नाक शाबूत राहतं, लेबलवर नाव शोभतं, आणि वहिनी उरलेला जन्म असं समजून काढतात की, नवऱ्यानं जीव दिला. किंवा सांगायचं, म्हणजे तू जीव दिला नाहीस हे त्यांना कळतं, पण तू दोन वर्षं सगळ्यांना फसवत होतास, हेही कळतं. तू असतास तर मला गप्प बसवलं असतंस. तुला जिवापेक्षा नाव मोठं.

त्या दोन वर्षांचं कोडं मला अजून एका जागी अडवत होतं. नाक गेल्यावरही तू दोन पिंपं निवडलीस, आणि ती दोन्ही सर्वांत चांगली निघाली. माझीही तीच पसंती होती, अर्थात मी कधी बोललो नव्हतो. मग कशी निवडलीस? परवा गोदामात एकटा बसलो होतो तेव्हा आठवलं. ताप येऊन गेल्यापासून तू म्हणायला लागला होतास, “सायब, वतताना माझ्याकडं बग.” मला वाटायचं, मिजास. आता वाटतं, तू माझं तोंड वाचत होतास. जे पिंप मला आवडायचं ते ओतताना माझ्या चेहऱ्यावर काहीतरी होत असणार, आणि तू तेच निवडायचास, वर आपली खीर आणि ट्रंक घालून. म्हणजे दोन वर्षं निवड माझीच होती आणि मला ते माहीत नव्हतं. त्या रविवारी तिन्ही ग्लासांना माझं तोंड सारखंच राहिलं. तुला वाचायला काही मिळालंच नाही.

काल बाटल्या भरल्यावर मी इस्माईलला म्हटलं, गाडी काढ. आम्ही वहिनींकडं गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. ताप, इस्माईलच्या दुकानातला टायर, गॅस, उंदीर. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “न्हाई भावजी. दुपारी गिरणीतनं आले की दारातनंच म्हणायचे, आज कालवणाचा वास लय झ्याक सुटलाय. रोज म्हणायचे. जायच्या आदल्या दिसापतूर.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“त्ये खोटं व्हय?”

इथं तुझ्यासाठी एक खोटं बोलता आलं असतं. तू माझ्यासाठी बोलला असतास. मी म्हणालो, “खोटं, वहिनी. त्याला वास येतच नव्हता.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, “म्हंजी त्यांनी जीव दिला न्हाई?”

“नाही. त्याला कळलंच नाही.”

“मला सोडून गेले न्हाईत.”

“नाही, वहिनी.”

त्यांनी मान हलवली. चेहरा सैल झाला त्यांचा, बावीस दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, चला, एवढं एक तरी काम बरं केलं. आणि मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, जसं एखाद्याला विचारावं की, कधी निघालात घरून.

“तुमास्नी कवा कळलं ह्ये, भावजी?”

इस्माईल माझ्या शेजारीच बसला होता. हातात कप होता.

मी म्हणालो, “तो गेल्यावर. परवाच.”

“मग तुमचा काय दोष,” वहिनी म्हणाल्या. “आदी कळलं असतं तर तुमी पळत आला असता. मला ठावं हाय.” आणि त्यांनी माझ्या ताटलीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. मी ती खाल्ली, दत्त्या. दोन्ही खाल्ली.

येताना इस्माईल समोरच्या रस्त्याकडं बघत गाडी चालवत होता. मला दारात सोडलं, मी उतरलो, तो निघून गेला. सकाळपासून त्याला तीन फोन केले, तिन्ही त्यानं उचलले, हवापाण्याचं बोलला. तो मला कधीच विचारणार नाही, हे मला कळून चुकलंय. वहिनी विचारणार नाहीत, त्यांनी माफ करून टाकलं. मालकांना घेणंदेणं नाही. बाकीचे सहा जण बाटलीची वाट बघतायत.

तू असतास तर मला चार लोकांत उभं केलं असतंस. माझ्या तोंडाकडं एकदा बघून ओळखलं असतंस आणि सगळ्यांसमोर म्हणाला असतास, सायब खोटं बोलतोय, त्याला चौथ्या दिवशीच कळलं हुतं. तुझ्याइतका निर्दय माणूस मला आता कुठं मिळायचा? सगळे माझ्याशी चांगले वागतायत, दत्त्या. माझ्याच्यानं ते सोसवत नाही.